पार्लरमध्ये नवीन काय घ्यायचं?

22 सप्टेंबर 2025 पासून सलून आणि सौंदर्यसेवांवरचा जीएसटी 18 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. ग्राहकांना बातमी आवडली. मुलुंड, घाटकोपर, बोरिवलीच्या गल्ल्यांत एकटीच्या बळावर पार्लर चालवणारीने मात्र ती जरा वेगळ्या नजरेने वाचायला हवी होती. सेवा व्यवसायाची वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणीची सक्ती नसते. म्हणजे तिच्या बिलात हा कर आधीही नव्हता. स्टेशन रोडवरच्या मोठ्या सलूनमध्ये 1,000 रुपयांचं फेशियल गिऱ्हाइकाला 1,180 रुपयांना पडायचं. सलूनने मूळ दर वाढवला नाही, तर ते आता 1,050 ला पडतं. घरगुती पार्लरच्या 180 रुपयांच्या आघाडीतले 130 रुपये एका दिवसात गेले.

स्वस्ताईवर टिकून राहणं अवघड झालं, की दरपत्रकात काहीतरी नवीन हवं असं वाटू लागतं. काय घ्यायचं, यावर उपनगरांत दोन मतं ऐकू येतात. ती इथे एका मावशी-भाचीच्या तोंडी घातली आहेत. या दोघी म्हणजे कोणी ठरावीक व्यक्ती नव्हेत आणि त्यांचे आकडे हिशेब समजण्यापुरते आहेत. पण अशा जोड्या या लाइनीत पुष्कळ आहेत. मावशीचं मुलुंड पूर्वेला तळमजल्यावर एका खोलीचं पार्लर, वीसेक वर्षांचं. भाची घाटकोपरची, रीतसर कोर्स केलेली, ट्रॉली बॅग घेऊन घरोघरी जाणारी. दोघींनी मिळून नवीन काही सुरू करायचं ठरवलं आहे. गाडी अडली आहे ती काय, यावर.

भाचीने पहिलाच आकडा टाकला. "हायड्राचं मशीन घेऊया. पंचेचाळीस हजारांत चांगलं येतं. एका सिटिंगचे अठराशे घ्यायचे. सिरम, टिपा, कापूस धरून चारशे खर्च. उरले चौदाशे. तेहतीस सिटिंगमध्ये मशीनचे पैसे सुटले."

"आणि या तेहतीस जणी कोण?"

"आपल्याच. नेहमीच्या."

"त्या आत्ता काय करून घेतात?"

"फेशियल. बाराशेवालं."

"त्यात तुला सुटतात किती?"

"नऊशे."

"मग तिने फेशियल सोडून हायड्रा केलं तर तुझे वाढले किती? पाचशे. पंचेचाळीस हजारांना पाचशेने भाग. नव्वद सिटिंग झाली. तोवर तुझ्या मशीनचा पाइप गळायला लागेल."

नवीन ट्रीटमेंटचा हिशेब बहुतेक वेळा इथेच चुकतो. मशीन विकणारा तेहतीसचं गणित दाखवतो, कारण त्यात प्रत्येक सिटिंग नव्या गिऱ्हाइकाची धरलेली असते. प्रत्यक्षात जुनंच गिऱ्हाईक जुनी सेवा सोडून नव्या सेवेकडे वळतं आणि गल्ल्यात फक्त फरकाची भर पडते. भाचीने मात्र हार मानली नाही. "पण ती हायड्रासाठी दुसरीकडे गेली, तर माझे नऊशेही गेले की! मग तिच्यापुरते माझे पूर्ण चौदाशे वाचले असंच धरायला हवं."

हेही खरं आहे. म्हणजे उत्तर तेहतीस आणि नव्वद यांच्या मध्ये कुठेतरी आहे. कुठे, ते मशीनच्या माहितीपत्रकात सापडत नाही, अपॉइंटमेंटच्या वहीत सापडतं. गेल्या तीन महिन्यांत कोण यायची थांबली? आलेल्यांपैकी किती जणींनी आपण होऊन विचारलं, "तुमच्याकडे हायड्रा करतात का?" विचारणाऱ्या दोन-तीनच असतील, तर मशीन घेणं म्हणजे हौस. वीसेक जणी असतील, तर न घेणं म्हणजे गिऱ्हाईक हाकलणं.

नावाचंही एक पथ्य आहे. 'हायड्राफेशियल' हे अमेरिकेतल्या एका कंपनीचं व्यापारी नाव. बाजारात मिळणारी स्वस्त यंत्रं त्याच तत्त्वावर चालतात: पाण्याबरोबर सिरम सोडायचं आणि हलक्या ओढीने मळ, मृत त्वचा खेचून घ्यायची. पण ती त्या कंपनीची नव्हेत. दरपत्रकात 'हायड्रा क्लीनअप' लिहिलं, तर गिऱ्हाइकाची दिशाभूल होत नाही आणि उद्या कोणी नावावरून भांडायलाही येत नाही.

"बरं, मशीन राहू दे," भाची म्हणाली, "पण वॅक्सिंगचं काय करणार ते सांग. माझ्या वयाच्या मुली लेझरची पॅकेजं घ्यायला लागल्यात. अंधेरीला लोखंडवालात एकेका रस्त्यावर स्किन क्लिनिक आहे. सहा-आठ सिटिंग झाली की ती मुलगी फुल आर्म्स, फुल लेग्ज करायला महिन्याच्या महिन्याला यायची बंद. तुझं अर्धं पार्लर वॅक्सवर चालतं."

मावशी गप्प झाली. भाचीचा हा मुद्दा पक्का होता. वॅक्सिंगने पार्लरला दरमहा परत येणारं गिऱ्हाईक दिलं. लेझरने नेमकी तीच फेरी तोडली. साध्या वॅक्सवरून महागड्या 'रिका' वॅक्सवर गेलं, की चार पैसे जास्त मिळतात, पण लेझर केलेली मुलगी रिकासाठीही परत येत नाही.

"म्हणून तर म्हणते, आपणच लेझर घेऊया. डायोडचं मशीन भाड्यानेही मिळतं. कंपनी दोन दिवसांचं ट्रेनिंग देते."

"ते मात्र आपल्या उंबऱ्याच्या आत नाही," मावशी म्हणाली. "हात धुऊन बाजूला व्हायचं."

कायदा मावशीच्या बाजूला आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सप्टेंबर 2022 मध्ये सौंदर्यप्रक्रिया आणि केशरोपणाबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहून मिळवलेलं ज्ञान असे उपचार सुरू करायला पुरेसं नाही, असं त्यांत स्पष्ट म्हटलं आहे, आणि हे म्हटलं आहे ते नोंदणीकृत डॉक्टरांना उद्देशून. डॉक्टरला जे दोन दिवसांच्या कार्यशाळेवर करता येत नाही, ते ब्युटिशियनला कंपनीच्या दोन दिवसांच्या ट्रेनिंगवर कसं करता येईल? शिवाय महाराष्ट्र मेडिकल प्रॅक्टिशनर्स ॲक्ट, 1961 च्या कलम 33 नुसार नोंदणी नसताना वैद्यकीय व्यवसाय करणं हा गुन्हा आहे. सुई टोचून ग्लुटाथायोन देणं, फिलर भरणं, रक्त काढून पीआरपी करणं हे सारं त्या रेषेपलीकडचं.

रेष ओलांडली की काय होतं, याचं एक उदाहरण अमेरिकेतलं आहे. न्यू मेक्सिको राज्यातल्या अल्बुकर्क शहरात परवाना नसलेल्या एका स्पामध्ये 2018 मध्ये 'व्हॅम्पायर फेशियल' केलं जाई. त्यात गिऱ्हाइकाच्याच रक्तातला द्राव बारीक सुयांनी चेहऱ्यात सोडतात. तिथे गेलेल्या तीन स्त्रियांना एचआयव्हीची लागण बहुधा याच प्रक्रियेतून झाली, असा निष्कर्ष अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने एप्रिल 2024 मध्ये प्रसिद्ध केला.

दुसरं उदाहरण घरचंच आहे. अकोल्यातल्या एका कुटुंबातल्या तिघी, एक कॉलेजची विद्यार्थिनी, तिची आई आणि बहीण, गोरेपणाचं क्रीम लावायच्या. क्रीम आलं होतं गावातल्याच एका ब्युटिशियनकडून. तिघींच्याही मूत्रपिंडांना इजा झाली. प्रकरण परळच्या केईएम रुग्णालयापर्यंत आलं आणि तपासणीत क्रीममध्ये पारा सापडला. 2023 च्या सुरुवातीला वर्तमानपत्रांनी ही बातमी छापली. भारताच्या 2020 च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार अशा क्रीममध्ये नकळत आलेला पाराही दहा लाखांत एक भागापेक्षा जास्त चालत नाही. त्या ब्युटिशियनने सुई टोचली नव्हती, मशीन चालवलं नव्हतं. डबी विकली होती, एवढंच.

"म्हणजे डब्याही विकायच्या नाहीत?"

"विकायच्या. पण डबीवर उत्पादकाचा परवाना क्रमांक, बॅच नंबर, मुदत छापलेली पाहिजे. 'घरगुती नाइट क्रीम' म्हणून साध्या डबीत जे येतं ते शेल्फवर चढवायचं नाही."

"आणि लेझरवाली मुलगी गेलीच?"

"लेझरला जाऊ दे. बाकीचं राहतं ना? आयब्रो आहे, फेशियल आहे, केस आहेत. ओळखीच्या त्वचारोगतज्ज्ञाचं नाव आपणच सांगायचं. आपण पाठवली तर ती परत आपल्याकडेच येते."

आता मावशीचाच नंबर लागला. भाचीने तिला आयब्रो करताना पाहिलं होतं. रीळ हातात, दोऱ्याचं एक टोक दातांत, दोन्ही हातांत पिळलेला फास आणि मान मागेपुढे. दोन-तीन मिनिटांत भुवईची कमान तयार. हात इतका सफाईदार, की मुलुंडमधली गिऱ्हाइकं लग्न होऊन बोरिवलीला गेल्यावरही तिच्याकडे येतात.

"मावशी, तुझा हात सोन्याचा आहे. पण आधी तोंडातला दोरा काढ."

"वीस वर्षांत कुणाला काही झालं नाही."

"झालं असेल तर ती तुला सांगायला आली असेल कशावरून? आयब्रोनंतर त्याच जागी चामखीळ उठल्याच्या नोंदी त्वचारोगाच्या मासिकांत आहेत. थुंकी लागलेला दोरा, खरचटलेली त्वचा, एकीचा टॉवेल दुसरीला. दोरा गळ्यात अडकवून धरता येतो. पहिला आठवडा मान दुखेल, मग सवय होईल. गिऱ्हाइकागणिक नवा दोरा, डिस्पोजेबल चादर, वॅक्सची पट्टी आणि स्पॅच्युला पुन्हा बुडवायचा नाही. हेच दरपत्रकात छापायचं आणि आयब्रोचे दहा रुपये वाढवायचे."

मावशीला हे झोंबलं, पण पटलं. काही न विकत घेता दर वाढवण्याचा हा मार्ग सहसा कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. तरुण गिऱ्हाईक बाटलीवरचे घटक वाचून येतं, नियासिनामाइड किती टक्के ते विचारतं. त्याच्या नजरेला दातांतला दोरा चटकन दिसतो.

मग दोघींनी तासाचा हिशेब मांडला. एकटीने धंदा करणारीकडे विकायला तासच असतात. आयब्रोचे साठ रुपये, गिऱ्हाइकांची रांग असेल तर तासाला सात होतात, चारशेवीस रुपये. फेशियलमध्ये नऊशे सुटतात, लागतो सव्वा तास. पार्लरमध्ये तासाला सातशेवीस पडले. पण तेच फेशियल होम व्हिजिटला केलं आणि जाण्या-येण्यात एक तास गेला, तर सव्वादोन तासांत नऊशे, म्हणजे तासाला चारशे. ट्रॉली बॅग ओढून भाचीला आयब्रोच्या दराने पैसे मिळत होते. हे तिने पहिल्यांदाच कागदावर पाहिलं.

"केराटिन बघ. पाच हजार घ्यायचे, प्रॉडक्ट दीड हजाराचं. साडेतीन हजार सुटले. चार तासांचं काम. तासाला आठशेपंचाहत्तर. या यादीत सगळ्यात वर."

"आणि धूर?"

"आता फॉर्माल्डिहाइड-फ्री येतं ना."

केस सरळ करणाऱ्या बऱ्याच द्रावांना प्रेसिंग मशीनची उष्णता लागली, की फॉर्माल्डिहाइड वायू सुटतो. डोळे चुरचुरतात, घसा धरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये फॉर्माल्डिहाइडला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. 2011 मध्ये अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने 'ब्राझीलियन ब्लोआउट' या केस सरळ करणाऱ्या द्रावाच्या उत्पादकांना इशाऱ्याचं पत्र पाठवलं. बाटलीवर 'फॉर्माल्डिहाइड-फ्री' लिहिलेलं होतं आणि तपासणीत तो सापडला होता. गिऱ्हाईक हा धूर वर्षातून एकदा-दोनदा घेतं. ब्युटिशियन आठवड्यातून चार वेळा घेते.

त्यावर बाजाराने ग्लायोक्सिलिक आम्लाची उत्पादनं आणली, बरीचशी नॅनोप्लास्टियाच्या नावाने. 2024 मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एका 26 वर्षांच्या स्त्रीची हकिकत आली. तीन वेळा तिने केस सरळ करून घेतले आणि तिन्ही वेळा मूत्रपिंडांना अचानक इजा झाली. वापरलेल्या क्रीममध्ये ग्लायोक्सिलिक आम्ल होतं. अशी प्रकरणं विरळ आहेत. पण 'फ्री' या शब्दावर विसंबून चालत नाही, एवढं त्यातून कळतं.

"आपली खोली दहा बाय बाराची," मावशी म्हणाली. "खिडकी एक, तीही शेजाऱ्याच्या भिंतीकडे. वर एसी लावून दार बंद. त्या खोलीत मी चार-चार तास केराटिन करायची नाही आणि तुलाही करू देणार नाही. ज्या सलूनला समोरासमोर खिडक्या आणि दमदार एक्झॉस्ट आहे त्यांनी करावं."

तासाला आठशेपंचाहत्तर असे यादीतून गेले. भाचीला वाईट वाटलं, आणि ते साहजिक होतं.

"मग तुझं काय म्हणणं आहे? नवीन काही नकोच?"

"दोन गोष्टी. एक, नऊवारी नेसवणं. दोन, म्हाताऱ्या माणसांचे पाय."

भाची हसली. "दादरला शिवलेली नऊवारी मिळते. पायजम्यासारखी चढवायची. आणि म्हातारीची नखं कापायला मी कोर्स केला का?"

नऊवारीबद्दल तिचा आक्षेप वरवर बरोबर आहे. नाचाच्या कार्यक्रमाला, मंगळागौरीला, शोभायात्रेला शिवलेली नऊवारी चालते. पण मुहूर्ताला नेसायच्या पैठणीला कात्री लावायची कोणाची तयारी नसते. तिथे नेसवणारीच हवी. ब्राह्मणी, पेशवाई असे प्रकार, निऱ्या एकसारख्या, ओचा नीट, आणि काष्टा असा घट्ट, की सप्तपदीला वाकताना सुटणार नाही. आजीला हे येत होतं, आईला अर्धं येतं, मुलीला येत नाही. नवरीचं झालं, की करवली, मावशी, आत्या रांगेत उभ्या राहतात. लागतात ते पिना, नाडी आणि सराव. अंबाडा, गजरा, मुंडावळ्या, चंद्रकोर जोडली की त्याचंच पॅकेज होतं.

"त्यापेक्षा पूर्ण ब्रायडल मेकअपच घेऊ."

"घे. पण त्या बाजारात कोण आहे ते बघून घे."

अंधेरीत सिनेमा-मालिकांचा मेकअप हा मोठा धंदा. तिथल्या संघटनेच्या नियमाने वर्षानुवर्षं बायकांना फक्त हेअरड्रेसरचं कार्ड मिळे, मेकअप आर्टिस्टचं नाही. चारू खुराना यांच्या याचिकेवर 10 नोव्हेंबर 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही अट घटनाबाह्य ठरवली. सेटचं दार कायद्याने उघडलं. सेटवर मुरलेल्या हातांशी नवरीच्या मेकअपमध्ये स्पर्धा करायची, तर एअरब्रश, महागडी फाउंडेशनं, ट्रायलचे फुकट तास आणि इन्स्टाग्रामवर सतत फोटो लागतात. अंधेरीची ती आर्टिस्ट मेकअप करते, नऊवारी नेसवायला तिलाही कोणी लागतं. मेट्रो 1 मुळे 2014 पासून घाटकोपर ते अंधेरी वीसेक मिनिटांवर आलं आहे. भाचीला नऊवारीच्या पिशवीचं ओझं होत नाही. हायड्राचं मशीन घेऊन सकाळच्या गर्दीत तिने चढून दाखवावं.

पायांचं प्रकरण भाचीला पटायला वेळ लागला. मुलुंड, बोरिवलीच्या जुन्या सोसायट्यांत मुलं पुण्याला, बंगळुरूला किंवा परदेशी, आणि दोन खोल्यांत दोघंच, अशी घरं मजल्यागणिक आहेत. वाकता येत नाही. नखं जाड झालेली. डोळ्यांना दिसत नाही. नेलकटर हातात घेतलं तरी भीती. पार्लरचा जिना चढवत नाही.

"त्यांना मधुमेह असतो," भाची म्हणाली. "जखम झाली तर?"

हीच या कामातली खरी जोखीम आहे. आयसीएमआरच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे 10 कोटी 10 लाख लोकांना मधुमेह आहे. मधुमेही पायाला चटका, काप, टोचणं अनेकदा कळत नाही आणि छोटी जखमही चिघळते. म्हणून इथे पेडिक्युअरची नेहमीची पद्धत बदलावी लागते. पाणी कोमट, आणि ते आपल्या कोपराने तपासलेलं, पेशंटच्या पायाने नव्हे. पाय तासभर भिजत ठेवायचा नाही. नखं सरळ कापायची, कोपऱ्यात खोल जायचं नाही. भोवरीला ब्लेड लावायचं नाही. बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसायच्या, क्रीम बेचक्यांत लावायचं नाही. काळसर डाग, सूज, चीर, वास काहीही दिसलं, की काम थांबवून मुलाला किंवा सुनेला फोन, आणि डॉक्टर. अवजारं प्रत्येक पायानंतर निर्जंतुक.

"सहाशे रुपये. सामान साठ रुपयांचं. पाऊण तास," मावशीने वहीत लिहिलं. "एका बिल्डिंगमध्ये तीन घरं लागोपाठ घेतली तर सव्वादोन तासांत सोळाशेवीस. तासाला किती?"

भाचीने मोबाइलवर भागाकार केला. "सातशेवीस. फेशियलइतकेच."

"आणि घरी जाऊन. जाण्या-येण्याचा तास धरला, तरी पाचशेच्या आसपास. तुझं होम व्हिजिटचं फेशियल चारशेला पडतंय. शिवाय पितृपक्षात पाय असतातच."

पितृपक्षाचा मुद्दा निव्वळ गमतीचा नाही. उपनगरातल्या पार्लरचं वर्ष पंचांगावर चालतं. चातुर्मासात लग्नं नाहीत. घाटकोपर, मुलुंडला जैन गिऱ्हाईक पर्युषणात थांबतं. पितृपक्षात खुर्च्या रिकाम्या. मग नवरात्र आलं, की बोरिवलीपासून घाटकोपरपर्यंत गरब्याच्या बॅकलेस चोळ्यांसाठी बॅक वॅक्स आणि बॅक पॉलिशची एकच झुंबड. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई. नवीन सेवा घेताना ती कोणत्या महिन्यात पैसे देणार, हे बघावं लागतं. नऊवारी लग्नसराईत देते, पाय बारा महिने देतात, बॅक पॉलिश नऊ दिवस देतं.

"मुद्रातून शिशु कर्ज पन्नास हजारांपर्यंत मिळतं, तारण लागत नाही. मशीन त्यात बसतं," भाचीने शेवटचा प्रयत्न केला.

"मिळतं. पण हप्ता पंचांग बघून येत नाही."

भाचीकडे एक पर्याय अजून होता: ॲपवर नाव नोंदवायचं. गिऱ्हाईक ॲप आणून देईल, काय करायचं तेही ॲप सांगेल. ही सोय खरी आहे. पण ऑक्टोबर 2021 मध्ये गुरुग्रामला अर्बन कंपनी या अशाच ॲपच्या कार्यालयासमोर शंभराहून अधिक महिला ब्युटिशियन आंदोलनाला बसल्या होत्या. कमिशन आणि कंपनीकडूनच घ्यावी लागणारी उत्पादनं या त्यांच्या मोठ्या तक्रारी होत्या. त्यानंतर कंपनीने कमिशनमध्ये काही बदल जाहीर केले. ॲपवर काम मिळतं, पण दर, उत्पादन आणि नवीन ट्रीटमेंट यांचा निर्णय तिकडे होतो. दोघींच्या भांडणाचा विषयच तिथे शिल्लक राहत नाही.

"रिकाम्या महिन्यांत ॲपवर जाईन," भाची म्हणाली. "पण माझ्या बिल्डिंगा माझ्या."

यावर मावशीने काही म्हटलं नाही. तिला तेवढं मान्य होतं.

या वादात दोघींनीही काही गमावलं आणि काही मिळवलं. मावशीच्या तोंडातला दोरा गेला, भाचीचं लेझर आणि केराटिन गेलं. नऊवारी आणि पाय आधी सुरू होणार, कारण दोन्हींना भांडवल जवळजवळ लागत नाही आणि दोन्हींत नवं गिऱ्हाईक येतं, जुनंच इकडून तिकडे सरकत नाही. हायड्राचं मशीन नवरात्राच्या आधी महिनाभर भाड्याने आणायचं. वहीत दोन रकाने करायचे: फेशियल सोडून आलेल्या आणि हायड्रासाठीच आलेल्या. दुसऱ्या रकान्यात आधीच्या विचारणाऱ्यांची नावं दिसली, तरच विकत घ्यायचं.

एकटीने व्यवसाय वाढवणारीने मशीनच्या विक्रेत्याला भेटण्याआधी एवढं करावं: उद्यम नोंदणी (ती मोफत असते), गुमास्ता, नवीन प्रॉडक्टची कानामागे पॅच टेस्ट आणि हेअर कलरसाठी तर पूर्ण 48 तास आधी, आणि गेल्या तीन महिन्यांची वही. ज्या ट्रीटमेंटमध्ये सुई, रक्त किंवा लेझर आहे तिथे त्वचारोगतज्ज्ञाचा नंबर लिहून द्यावा. बाकीच्यांत जी रिकामा तास भरेल ती आधी घ्यावी, आणि जी भरलेल्या तासाचं नुसतं नाव बदलेल ती शेवटी.